मोटारहोम घ्यायचीय? आधी धरमकाट्यावर न्या

नागपूरच्या कळमना मार्केटच्या बाजूला एका धरमकाट्यावर आम्ही गाडी चढवली, तेव्हा काटेवाल्याला वाटलं आत संत्री आहेत. त्याने मागचं दार उघडून डोकावलं. आत गाद्या, सिंक, दोन बर्थ, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. "रिकामीच आहे ना जी?" त्याने विचारलं. रिकामीच होती. पाण्याची टाकीसुद्धा कोरडी. चिठ्ठी निघाली ३,८६० किलोची. आणि कागदोपत्री गाडीची भरलेल्या वजनाची मर्यादा होती ४,३०० किलो.

म्हणजे उरले ४४० किलो. भरपूर वाटतात. आता माणसं बसवा. मी ७८, बायको ६२, दोन पोट्टे ३८ आणि २७, आई ५५. झाले २६० किलो. शंभर लिटरची टाकी भरली की पाण्याचे शंभर, कारण एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात सूट नाही. उरले ८०. त्यात सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, पाच जणांचे कपडे, किराणा, फोल्डिंग खुर्च्या, छोटा कूलर, स्टेपनीसोबतची हत्यारं आणि आईची ती एक पिशवी, जिच्यात काय असतं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. गाडी विकणारा सांगत होता, "सहा जण आरामात झोपतात." झोपतील, पण सहा जण आणि त्यांचं सामान घेऊन ही गाडी निघाली तर ती पहिल्या किलोमीटरपासून ओव्हरलोड.

ती गाडी आम्ही घेतली नाही. पण मोटारहोम निवडणं म्हणजे नेमकं काय, ते त्या चिठ्ठीने मला शिकवलं, म्हणून सुरुवात तिथून केली. प्रत्येक सोयीला वजन असतं, जागा लागते आणि वीज लागते. लहान गाडीत तुम्ही नाइलाजाने कमी सोयी घेता आणि मोठ्या बसमध्ये सगळंच मावतं. खरी ओढाताण मधल्या आकारात होते.

मधला आकार म्हणजे साधारण साडेपाच ते सात मीटर लांबी. आपल्याकडे या मापाच्या मोटारहोम बहुतेक फोर्स ट्रॅव्हलर, फोर्स अर्बेनिया किंवा टाटा विंगरवर बांधलेल्या असतात. (फोर्स कंपनीचं नाव २००५ पर्यंत बजाज टेम्पो होतं, म्हणून आपण अजूनही 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतो.) याहून लहान म्हणजे पिकअपच्या पाठीवर बांधलेले कॅम्पर. दोघांना छान, चौघांना दाटीवाटी. याहून मोठ्या म्हणजे बसच्या चासीवरच्या. त्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत वळत नाहीत आणि रिसॉर्टच्या फाटकातून आत जात नाहीत. लायसन्सचाही मुद्दा आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी 'लाइट मोटर व्हेइकल'मध्ये येते, म्हणजे कारचं लायसन्स पुरतं. ट्रान्सपोर्ट म्हणून नोंदलेल्या गाडीला वेगळी परवानगी लागते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला. या वजनापर्यंत लागत नाही. मधल्या आकाराच्या गाड्या या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात.

ट्रॅव्हलर आणि विंगर यांत एक फरक जरूर पाहा. विंगरमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे खालून मागपर्यंत जाणारा शाफ्ट नाही आणि फ्लोअर खाली येतं. आईसारख्या गुडघेदुखीवाल्या माणसाला चढायला सोपं. ट्रॅव्हलरची ताकद मागच्या चाकांना जाते. मागे वजन भरलेलं असताना ओल्या गवतावरून किंवा चिखलातून निघायचं असेल, तर मागची चाकं जास्त कामी येतात. नवेगावबांध तलावाच्या काठावर पावसाळ्यानंतर कधी गाडी लावली असेल, तर हे वेगळं सांगायला नको.

वजन किती हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कुठे आहे हेही. बैलगाडीवाल्यांकडे याला नेमके शब्द आहेत: पुढे जास्त भार झाला तर गाडी धुरजड, मागे झाला तर उलाळ. मोटारहोम उलाळ होऊ शकते. मागच्या चाकांच्याही मागे पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि टॉयलेट एकत्र केलं, की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग भिरभिरतं आणि ब्रेक दाबला की गाडी मनासारखी ऐकत नाही. टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध असावी, खाली असावी. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. वजाबाकी केली की मागच्या चाकांवरचा भार कळतो. मग टायरच्या बाजूला लिहिलेली भारक्षमता वाचा. तिथेच चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. मोटारहोम वर्षातले दहा महिने उभी असते. टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या गाडीचे चारही टायर चकचकीत काळे होते. पॉलिश मारलेलं होतं.

आता उन्हाळ्याकडे येऊ. नागपुरात बसून मोटारहोमबद्दल लिहायचं आणि मे महिन्याबद्दल बोलायचं नाही, असं होणार नाही. मोटारहोमच्या परदेशी माहितीत हीटरवर पानंच्या पानं असतात. ती सोडून द्या. आपला प्रश्न उलटा आहे: ४५ अंशांत दिवसभर तापलेला पत्र्याचा डबा रात्री दहाला झोपण्याजोगा कसा करायचा.

एसी लावू, हे पहिलं उत्तर. लावा, पण हिशेब करून. एक टनाचा इन्व्हर्टर एसी जोर लावतो तेव्हा हजार वॉटच्या आसपास घेतो. रात्रभराची सरासरी धरली तर साडेपाचशे समजा. आठ तासांचे झाले ४.४ युनिट. हे घरच्या लाइट बिलावरचंच युनिट. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-तासाची साधी बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९. एका रात्रीच्या एसीला अशा पाच बॅटऱ्या लागतील. एकेक ५०-६० किलोची. धरमकाट्याची चिठ्ठी आठवा: ४४० किलोंतले पावणेतीनशे एसीनेच खाल्ले, आता आईला घरी ठेवायचं का?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. ४०० अँपिअर-तासाची बॅटरी ५ युनिटांच्या थोडी वर साठवते आणि वजन पन्नास किलोच्या आत-बाहेर. पण किंमत लाखाच्या पुढेच, आणि दुसऱ्या रात्रीसाठी ती भरायची कशी? छतावर ३३० वॉटचे दोन सोलर पॅनेल लावले तर चांगल्या उन्हाच्या दिवशी अडीच ते तीन युनिट मिळतील. नागपूरला ऊन भरपूर, मग वीजही भरपूर, असं वाटतं ना? पॅनेलला प्रकाश आवडतो, उष्णता नाही. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते, आणि मे महिन्यात छतावरचं पॅनेल ६५ अंशांवर सहज जातं, म्हणजे सहावा हिस्सा तिथेच गेला. शिवाय पॅनेलला ऊन हवं आणि आपल्याला सावली. कडुनिंबाखाली गाडी लावलीत तर वीज गेली. उन्हात लावलीत तर डबा तापला आणि एसी दुप्पट चालला. या भांडणावर पक्का तोडगा मला तरी सापडलेला नाही.

माझं मत विचाराल तर, नागपूरकराने एसी बॅटरीवर चालवायच्या नादी लागू नये. एसी असू द्या, पण तो जिथे बाहेरून वीज मिळते तिथेच लावायचा: रिसॉर्टच्या आवारात, ओळखीच्या शेतघरी, लॉनवर. त्यासाठी गाडीला बाहेरच्या विजेचं सॉकेट, विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा अर्थ लीकेज ब्रेकर आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची जाड केबल हवी. केबल रीळवर असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या रीळवर एसी चालवला की ती आतून तापते, वितळते. इंजिन चालू ठेवून रात्रभर गाडीच्या एसीत झोपायचं तर नावच काढू नका. धुरातला जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही.

एसी वजा केला की उरलेला संसार फार थोडक्यात चालतो. बारा व्होल्टचे दोन पंखे, कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज, दिवे, चार मोबाइल: दिवसाला एक युनिट, फार तर सव्वा. २०० अँपिअर-तासाची एक लिथियम बॅटरी दोन रात्री काढते आणि गाडी चालताना डायनॅमोवरून ती बऱ्यापैकी भरते. त्यासाठी मध्ये 'डीसी-टू-डीसी चार्जर', म्हणजे डायनॅमोची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा डबा, आहे का ते विचारा. नुसती वायर जोडून दिली असेल तर ते काम अर्धवट समजा.

आणि कूलर? आम्ही नागपूरकर, कूलरशिवाय कसं जमेल! एका एप्रिलमध्ये भाड्याच्या गाडीत मी छोटा कूलर ठेवला, वर वाळ्याची ताटी बांधली. कोरड्या हवेत तो झकास चालला. वीज दीडशे वॉटच्या आसपास, म्हणजे रात्रीला सव्वा युनिट. सगळ्या गाडीत वाळ्याचा वास, पोट्टे खूश. पहाटे चारला नळ उघडला तर पाणी नाही. कूलर तासाला पाच लिटर पीत होता. टाकीतल्या शंभरांतले चाळीस त्याने प्यायले, उरलेले संध्याकाळी अंघोळीत गेले होते. दुसरं म्हणजे कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, आणि त्या खिडकीला जाळी नसेल तर तलावाकाठचे डास तुमचे पाहुणे. जूनमध्ये हवा दमट झाली की तो कूलर उचलून घरी ठेवावा हेच बरं.

तेव्हा गाडी निवडताना एसीच्या टनापेक्षा भिंतीत काय आहे ते विचारा. पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामध्ये उष्णता अडवणारं किमान इंचभर फोम किंवा रॉकवूल हवं, छतात तर हवंच. पाहायची सोपी युक्ती: दुपारी दोनला जा. गाडी तासभर उन्हात उभी असू द्या आणि आतून छताला तळवा लावा. हात ठेववत नसेल तर फोम नाही, फक्त रेक्झिन आहे. विकणारे शक्यतो संध्याकाळी सहाला बोलावतात. रंग पांढरा असावा. छतात हवा बाहेर फेकणारा पंखा असावा. पडदा काचेच्या बाहेरून लावता आला तर उत्तम, कारण आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो.

इन्सुलेशनची किंमत मात्र उंचीत मोजावी लागते. फ्लोअरला लाकूड, छताला फोम असं करता करता दोन-तीन इंच जातात. कंपनीच्या माहितीपत्रकातली उंची विसरा, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला चपला घालून आत उभं करा. बाहेरची उंचीही मोजा, छतावरच्या पॅनेल-पंख्यासकट, आणि तो आकडा ड्रायव्हरच्या समोर चिकटवून ठेवा. रेल्वेच्या पुलांखाली, पार्किंगच्या तोंडाशी उंचीचा जो लोखंडी आडवा दांडा असतो, तो आजवर कारमध्ये बसून तुम्ही कधी पाहिलेलाच नसतो.

झोपायच्या जागा आणि बसायच्या जागा हे दोन वेगळे आकडे आहेत. 'सहा जण झोपतील' ही गादीची गोष्ट झाली. चालत्या गाडीत तोंड पुढे करून, बेल्ट लावून किती जण बसतील, हा खरा आकडा. बाजूला तोंड करून बसायचा सोफा गप्पांना छान, पण ब्रेक लागला की माणूस त्यावरून सरळ घसरत जातो. मुलांना तिथे बसवू नका. बर्थ आडवा असेल तर त्यावर प्रत्यक्ष झोपून पाहा; आतली रुंदी जेमतेम पावणेसहा फूट भरते आणि माझे पाय भिंतीला लागतात. वरचा बर्थ पोट्ट्यांचा, त्याला आडवी पट्टी हवी. आईचा पलंग कायमचा हवा. जेवणाच्या टेबलाचा पलंग करणाऱ्या गाड्या दाखवायला फार सुंदर दिसतात, पण रात्री नऊला झोपणारी आजी आणि अकरापर्यंत पत्ते कुटणारी नातवंडं एकाच टेबलावर कशी मावणार?

टॉयलेटबद्दल थोडक्यात. कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालचा डबा बाहेरून ओढून रिकामा करता येतो ते, या आकाराला योग्य. डबा असतो १८-२० लिटरचा, पाच जणांत दीड-दोन दिवसांत भरतो, आणि तो रिकामा कोण करणार हे निघण्यापूर्वीच ठरवा. आमच्याकडे ठरलं नव्हतं. मीच केला. सांडपाण्याची वेगळी टाकी हवीच. सिंकचा पाइप सरळ खाली सोडलेला असेल तर रिसॉर्टवाला हाकलून देईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

स्वयंपाकघराला मी फार महत्त्व देत नाही. सावजीची फोडणी एकदा बंद गाडीत घातली, पडद्यांचा वास तिसऱ्या दिवशीही गेला नव्हता. शेगडी बाहेर ओढून घेता येईल, बाजूला सावलीचं कापड असेल, तर तोच ओटा. ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली तर खाली साचते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक आहे ना, हे वाकून बघा, आणि गॅसचा अलार्म छताजवळ लावला असेल तर तो काढून फ्लोअरजवळ लावा.

कागदपत्रं मी शेवटी घेतली, कारण लोक हा भाग वाचत नाहीत. पण फसवणूक इथेच होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. मोटार कॅराव्हॅनसाठी (मोटारहोमचं कागदोपत्री नाव हेच) एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे. गाडी त्यानुसार मंजूर होऊन आरटीओत नोंदवायची असते. त्यामुळे आरसीवर वाहनाच्या प्रकारात 'मोटार कॅराव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. बाजारात मात्र आरसीवर १७ सीटची बस किंवा मालवाहू पिकअप आणि आत पलंग, अशा गाड्या बिनधास्त फिरतात. एमएच-३१ असो, ४० असो की ४९, पासिंगच्या दिवशी किंवा अपघातानंतर विमा कंपनीसमोर त्यांचं पितळ उघडं पडतं. नंबर प्लेटही पाहा. पिवळी प्लेट म्हणजे ट्रान्सपोर्ट, काळ्यावर पिवळे आकडे म्हणजे भाड्याने स्वतः चालवायला देण्याची गाडी. अशी गाडी घरगुती वापराला घेताना नोंदणी बदलावी लागते. ते काम विकणाऱ्याने करून द्यावं, पैसे नंतर.

हे सगळं करूनही एक प्रश्न राहतो: जाणार कुठे? रामटेकचा खिंडसी तलाव जेमतेम पन्नास किलोमीटर. पेंचचं सिल्लारी सत्तरच्या आसपास. पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं, तेव्हा रात्री पोट्ट्यांना तारे दाखवायला याहून जवळची जागा नाही. पण जंगलात कुठेही गाडी लावून मुक्काम करता येत नाही. सफारीला गेटवरून जिप्सी, आपली गाडी बाहेर रिसॉर्टच्या आवारात. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं खरं, पण वीज-पाण्याची सोय आहे का हे अजूनही प्रत्येक ठिकाणी आधी फोन करून विचारावंच लागतं. चिखलदरा ११०० मीटरवर. तिथली वळणं सहा मीटरची गाडी घेते, सातची घेताना सोबतच्या माणसाला खाली उतरून हात दाखवावा लागतो. समृद्धीवर लांबीची काळजी नाही, पण टोलवर तुमची गाडी कार नसून मिनीबसच्या वर्गात मोजली जाऊ शकते. आणि घरी? मनीषनगरातल्या आमच्या गल्लीत सहा मीटरची गाडी लावली तर शेजारच्यांची स्कूटी निघत नाही. वर्षातले तीनशे दिवस गाडी तिथेच असणार आहे.

म्हणून आम्ही आधी दोनदा भाड्याने घेऊन पाहिली, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये. दोन्ही वेळा घरून निघण्याच्या आदल्या रात्री घरासमोरच गाडीत झोपलो. काय विसरलं ते दहा पावलांवर असताना कळलेलं बरं. पहिल्या रात्री अकरा वेळा घरात जावं लागलं, दुसऱ्या वेळी तीनदा.

येत्या शनिवारी तिसरी गाडी बघायची आहे. सहा मीटरची, आरसीवर मोटार कॅराव्हॅन लिहिलेली. विकणाऱ्याने नेहमीप्रमाणे संध्याकाळी या म्हटलं. मी दुपारी दोन सांगितलं. काट्यावर न्यायची म्हटल्यावर तो म्हणाला, "आजवर कोणीच वजन नाही केलं जी." आई चादर घेऊन येणार आहे. तिला पलंगावर तासभर झोपून बघायचंय.